गोऱ्यांची वस्ती, नेटिवांची वस्ती: वसाहतकालीन मुंबईचा डिजिटल अभ्यास कसा सुरू करावा

वीर नरिमन रस्त्याने फ्लोरा फाउंटन ओलांडून हॉर्निमन सर्कलकडे निघालात की एकेकाळी डाव्या हाताला हिंदी लोकांची वस्ती लागायची आणि उजव्या हाताला गोऱ्यांची. रस्त्याचे जुने नाव चर्चगेट स्ट्रीट. १७७२ साली कंपनी सरकारने या रस्त्याच्या दक्षिणेचा भाग युरोपियनांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. किल्ल्याच्या, म्हणजे फोर्टच्या, तटबंदीच्या बाहेर एस्प्लनेडचे मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवले होते आणि त्याच्या पलीकडे पसरले ते नेटिव टाउन. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर किल्ल्यातली बरीच वस्ती तिकडे सरकली. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, पण लोकांना वेगळे ठेवण्याची रीत तटाबरोबर पडली नाही. १८३३ चा भायखळा क्लब आणि १८७५ चा बॉम्बे जिमखाना यांत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते.

हे सगळे पुस्तकांत वाचता येते. मग डिजिटल पद्धती कशाला? कारण पुस्तक एक रस्ता, एक हुकूम, एक रोगसाथ अशी सुटी सुटी हकीगत सांगते. तेच तुकडे एका नकाशावर तारखेनिशी बसवले की कोणाला कुठे जागा मिळाली, कोण कुठून उठवला गेला आणि त्या निर्णयांच्या खुणा आज कुठे उरल्या आहेत, हे एकत्र दिसू लागते. साधने बहुतेक फुकट आहेत आणि साधा लॅपटॉप पुरतो. खरा कस दुसरीकडे लागतो. समोरचा कागद कोणी केला, कशासाठी केला आणि त्यात कोण नाही, हे प्रत्येक टप्प्यावर विचारत राहावे लागते. पुढचे सारे टप्पे या विचारण्याभोवती रचले आहेत.

टप्पा १: प्रश्न एका रस्त्याएवढा करा

‘ब्रिटिशांनी मुंबईत वंशभेद केला का?’ हा प्रश्न नकाशाला विचारून उपयोग नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ते सिद्ध करायला पुरावे निवडून गोळा करण्याचा मोह होतो. प्रश्न असा हवा की उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकेल. काही नमुने:

फोर्टात युरोपियन राहत असलेली घरे कोणाच्या मालकीची होती? हा माझा आवडता प्रश्न आहे. मलबार हिल आणि भायखळ्याच्या कितीतरी बंगल्यांत साहेब भाड्याने राहत आणि मालक पारशी असत. राहणारा आणि मालक असे दोन वेगळे थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवता येणारे माहितीचे पदर, केले की ‘गोरी वस्ती’ हे चित्र लगेच गुंतागुंतीचे होते.

प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, तेव्हा कोणत्या गल्ल्या गेल्या?

राजे-राण्यांचे आणि गव्हर्नरांचे पुतळे मूळ कुठे होते आणि आज कुठे आहेत? अगदी नवख्यासाठी हा उत्तम प्रकल्प आहे, कारण नोंदी थोड्या असतात आणि त्या पडताळता येतात. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली काळा घोड्याहून हलवला, तो आज भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

प्रश्नाला जागेची आणि वर्षांची हद्द घाला. एक विभाग आणि दहा-पंधरा वर्षे एवढे पहिल्या खेपेला पुष्कळ झाले.

टप्पा २: कागद गोळा करा आणि प्रत्येक कागदाला त्याचा धनी विचारा

घरबसल्या मिळणारे साहित्य आता भरपूर आहे. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर १९०९-१० चे तीन खंडी मुंबई शहर गॅझेटियर, म्हणजे शहराचा सरकारी माहितीग्रंथ, आहे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरची नकाशावही आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह खुला केला असून त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूरही उतरवून घेता येतो. प्लेगच्या काळातली मुंबईची छायाचित्रे वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्याकडे एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचे ‘ग्रंथसंजीवनी’ आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ ही दोन संकेतस्थळे आधी पाहावीत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आज ना उद्या जावे लागेलच. ऑनलाइन आले तेवढेच उरले, असा समज करून घेऊ नका.

आता धनी. मुंबई गॅझेटियर संकलित करणारे एस. एम. एडवर्ड्स हे आय.सी.एस. अधिकारी, १९०९ पासून मुंबईचे पोलीस कमिशनर. त्यांच्या ग्रंथात शहराच्या लोकांची वर्णने सविस्तर आहेत आणि कामाची आहेत, पण ती शहरावर नजर ठेवणाऱ्या माणसाची आहेत. १८६५ ते १८७२ दरम्यान लेफ्टनंट कर्नल लॉटन यांनी शहराची जी तपशीलवार मोजणी केली, तिच्या मुळाशी जमिनीच्या हद्दी आणि महसूल होता. म्हणून त्या नकाशांत भिंत, विहीर, हद्द बारकाईने येते, पण माडीवर किती बिऱ्हाडे होती ते येत नाही.

मराठी साधने टाळू नका. मूळचे गोव्याचे गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे आहे. तट पडण्याच्या सुमारास शहरात राहणाऱ्या माणसाने मराठीत लिहिलेली ही साक्ष आहे. ‘दीनबंधु’ हे पत्र १८७७ साली पुण्यात सुरू झाले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. गिरणी कामगाराच्या बाजूने शहर कसे दिसत होते, ते अशा पत्रांत शोधावे. सरकार दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे तयार करत असे. ते वापरायला सोपे आहेत, पण काय निवडायचे आणि काय गाळायचे हे सरकारी भाषांतरकार ठरवत होता. मूळ अंक मिळत असेल तर मूळच वाचा.

प्रत्येक फाइल उतरवून घेतली की तिच्या नावात वर्ष, प्रकार आणि विभाग घाला आणि एका साध्या तक्त्यात लिहून ठेवा: कुठून घेतली, कोणत्या तारखेला, मूळ पृष्ठ कोणते, हक्काची अट काय. हे काम कंटाळवाणे आहे, पण आजच करा.

टप्पा ३: जुना नकाशा आजच्या जमिनीवर बसवणे

या कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. साधन क्यूजीआयएस, हे नकाशांवर काम करण्याचे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालते.

क्यूजीआयएस उघडा. ब्राउझर पॅनेलमध्ये ‘एक्सवायझेड टाइल्स’खाली ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, असतो, त्यावर दोनदा क्लिक केले की आजचा नकाशा येतो. प्रोजेक्टची निर्देशांक पद्धत ईपीएसजी ३२६४३ ठेवा. मुंबई ज्या पट्ट्यात येते त्याचा हा क्रमांक आहे आणि यात अंतरे मीटरमध्ये मिळतात. मग लेअर मेनूतून जिओरेफरन्सर उघडून जुन्या नकाशाचे चित्र आत घ्या. आता जुन्या नकाशावर एका ओळखीच्या जागी क्लिक करायचे आणि आजच्या नकाशावर तीच जागा दाखवायची. अशा जोड्यांना नियंत्रण बिंदू म्हणतात. तीन-चार बिंदूंतही नकाशा बसतो, पण दहा-बारा घ्या आणि ते चारी कोपऱ्यांत आणि मध्यभागी पसरलेले असू द्या.

बिंदू निवडणे ही यातली खरी कला. मुंबईत पाच गोष्टींपासून जपा.

समुद्रकाठ घेऊ नका. भराव घालून किनारा इतक्यांदा पुढे नेला आहे की जुना धक्का आज रस्त्याच्या मधोमध सापडेल.

केवळ नाव जुळते म्हणून जागा जुळते असे धरू नका. ग्लोरिया चर्च हे पाहण्यासारखे उदाहरण आहे. मूळ चर्च माझगावला होते. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडले आणि त्याच नावाचे नवे चर्च भायखळ्याला उभे राहिले. जुन्या नकाशातले ग्लोरिया आजच्या ग्लोरियावर बसवलेत तर सगळा नकाशा वाकडा होईल. मुंबादेवीचे देऊळही आज भुलेश्वराजवळ आहे, पण पूर्वी बोरीबंदराच्या बाजूला होते.

गोदीलगतच्या भागात घराचे कोपरे बिंदू म्हणून धरू नका. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात आणि आगीत तिकडचे बरेच काही गेले.

आजचा नकाशाही स्थिर आहे असे समजू नका. भेंडी बाजारात जुन्या इमारतींच्या जागी समूह पुनर्विकासाचे मनोरे येत आहेत आणि बीडीडी चाळींचेही तेच चालले आहे.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फोर्टात भरवशाचे बिंदू पटापट मिळतात: १७१८ चे सेंट थॉमस कॅथीड्रल, १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक. राज्यकर्त्यांच्या इमारती दगडी होत्या आणि जपल्या गेल्या. नेटिव टाउनमध्ये मात्र बिंदू शोधताना दमछाक होते, कारण तिथली घरे पाडली गेली, पडली किंवा पुन्हा बांधली गेली. परिणाम असा की तुमचा नकाशा गोऱ्यांच्या भागात अचूक आणि हिंदी लोकांच्या भागात ढोबळ बसतो. ही चूक तुमची नाही, तो इतिहासाचाच ठसा आहे. तो लपवू नका, नोंदवा. नेटिव टाउनसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची जुम्मा मशीद, टिकून राहिलेली देवळे आणि जुन्या रस्त्यांचे नाके यांवर भर द्या. रुंदी बदलली तरी दोन जुन्या रस्त्यांची गाठ सहसा जागची हलत नाही.

बिंदू झाले की रूपांतराची पद्धत विचारली जाते. छापील, नीट मोजलेल्या नकाशाला ‘पॉलिनोमियल १’ घेऊन सुरुवात करा. प्रत्येक बिंदूपुढे चूक किती ते दिसते. एखादा बिंदू बाकीच्यांपेक्षा फारच वाकडा असेल तर आधी तो पुन्हा तपासा, बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूवर तंतोतंत बसवते. दिसायला छान दिसते, पण मूळ नकाशाच्या चुका झाकते. नवख्याने तिच्या नादी लागू नये. शेवटी बिंदूंची फाइल वेगळी जतन करा, म्हणजे दुसरा कोणी तुमचे काम तपासू शकेल.

१९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरचा नकाशा लहान प्रमाणाचा आहे. त्यावरून वस्तीबद्दल बोला, गल्ली-घराबद्दल बोलू नका.

टप्पा ४: मजकुरातून नोंदी काढणे

आर्काइव्हवरच्या इंग्रजी पुस्तकांना शोधता येणारा मजकूर बहुधा असतो. नसेल तर टेसरॅक्ट हे फुकट साधन छापील इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचते. जुन्या मराठी छपाईत जोडाक्षरे आणि टंक वेगळे असल्याने चुका पुष्कळ होतात, म्हणून यंत्राने वाचलेले पान डोळ्यांखालून घालावेच लागते. हस्तलिखितासाठी ट्रान्सक्रिबस आहे. मोडीतले दस्त असतील तर मोडी वाचणारा माणूस गाठा. राज्यात मोडीचे वर्ग चालतात आणि तिथली मंडळी मदत करतात असा माझा अनुभव आहे.

आकड्यांचे तक्ते मात्र हाताने टंका. जनगणनेच्या स्तंभांत यंत्र ३ चा ८ करते आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

मजकुरात शोधताना इंग्रजी स्पेलिंगांची सरमिसळ सांभाळावी लागते. गिरगाव आणि माझगाव एकेका अहवालात तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडतात. ओपनरिफाइन हे साधन सारखी दिसणारी नावे एकत्र दाखवते आणि एका झटक्यात जुळवू देते. जुळवा, पण मूळ लेखन वेगळ्या स्तंभात तसेच राहू द्या. रस्त्यांसाठी जुन्या-नव्या नावांचा तक्ता आधीच करून ठेवा: हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल रोड, डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याच्या जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो. तुमचा तक्ता खात्रीचा असेल तर ती भर तिथे घाला, पुढच्या अभ्यासकाचे काम हलके होईल.

टप्पा ५: तक्ता कसा आखावा

एक ओळ म्हणजे एक घटना किंवा एक विधान. १७७२ च्या हुकुमाची ओळ मी अशी लिहीन. वर्ष: १७७२. प्रकार: हुकूम. जागा, मूळ शब्दांत: चर्चगेट स्ट्रीटची दक्षिण बाजू. जागा, आजची: वीर नरिमन रस्त्याच्या दक्षिणेचा फोर्ट. कोणी: कंपनी सरकार. कोणावर: युरोपियनांखेरीज सगळे. जागेची खात्री: रस्ता पक्का, हद्द ढोबळ. साधन आणि पृष्ठ: अमुक. आणि शेवटचा स्तंभ: अंमल झाल्याचा पुरावा. तो तूर्त रिकामा.

हा रिकामा स्तंभ जपा. हुकूम निघणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते, आणि नकाशावर हुकुमाची हद्द रंगवली की ते अंतर गायब होते. तीच गोष्ट ऐकीव हकीगतींची. वॉटसन हॉटेलात जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला आणि म्हणून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. तक्त्यात ती घालायची तर त्या काळचा पुरावा हवा. तो हाती नसेल तर प्रकाराच्या स्तंभात ‘आठवण, नंतर सांगितलेली’ असे लिहा. आठवणही इतिहासाचे साधन आहे, फक्त तिला हुकुमाच्या रांगेत बसवू नये.

आता वंशाचा स्तंभ, आणि इथे घाई करून चालणार नाही. जनगणनेतले युरोपियन, युरेशियन, नेटिव ख्रिश्चन, पारशी, ज्यू, निग्रो-आफ्रिकन हे वर्ग सरकारने ठरवले आणि दर खेपेला बदलले. युरेशियन १९११ च्या जनगणनेत अँग्लो-इंडियन झाले. उत्तर कोकणातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, कोळी, कुणबी, आगरी घरांतले, जुन्या इंग्रजी कागदांत बऱ्याचदा ‘पोर्तुगीज’ म्हणून येतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले आणि संघटना काढली. एखाद्या तक्त्यातले ‘पोर्तुगीज’ तुम्ही सरळ युरोपियनांत मिळवलेत तर गिरगाव-माझगावच्या गावठाणांतली मराठी बोलणारी माणसे नकाशावर गोरी होतील. म्हणून नियम असा: मूळ वर्ग एका स्तंभात, तुमचा अन्वय दुसऱ्या स्तंभात, आणि अन्वयाचे कारण तिसऱ्यात.

वंश आणि जात यांची गाठही सुटी करून पाहावी. साहेबाने ‘नेटिव’ म्हणून एकत्र केलेल्या वस्तीत पाण्याचा नळ कोणाला आणि कोणाला नाही, खोली कोणाला मिळते, हे जात ठरवत होती. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षे राहिले. त्याच ट्रस्टच्या दुसऱ्या योजनेत दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी रुंद रस्ते आणि भूखंड पाडले गेले. वसाहतीच्या नियोजनाने फक्त काळे-गोरे एवढेच केले असे मांडलेत तर यातले निम्मे हातचे जाईल.

टप्पा ६: थर एकमेकांवर ठेवून वाचणे

समजा तुम्ही प्लेगचा काळ घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी साथ ओळखली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. शोधपथके घरात शिरू लागली, माणसे इस्पितळांत आणि छावण्यांत हलवली गेली, आणि राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राकडचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून पूर्व-पश्चिम रस्ते कापायचे, हे त्याचे एक मोठे धोरण.

एक थर प्लेगच्या मृत्यूंचा विभागवार, दुसरा ट्रस्टने पाडायला घेतलेल्या जागांचा, तिसरा ट्रस्टने बांधलेल्या चाळींचा. तीनही एकावर एक ठेवले की कोणती जागा रिकामी झाली आणि बदली घर किती दूर मिळाले ते दिसते. गोदीत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला एक मैल म्हणजे रोजचा खाडा. क्यूजीआयएसमध्ये हे अंतर मोजता येते, पण सरळ रेषेत मोजू नका, त्या काळच्या रस्त्याने मोजा.

विभागवार रंगवलेले नकाशे फसवतात, हे ध्यानात असू द्या. मांडवी, चकला, उमरखाडी असे जनगणनेचे विभाग लहान-मोठे आहेत. मोठ्या विभागाला गडद रंग दिला की डोळा तिकडेच जातो. नुसत्या संख्येऐवजी हजारी प्रमाण काढा. एकूण लोकसंख्येचे आकडेही आंधळेपणाने जोडू नका. १८६४ च्या गणनेत शहरात ८,१६,५६२ माणसे होती आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५. मधल्या काळात अमेरिकी यादवी संपून कापसाची तेजी कोसळली होती. १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. ही प्लेगची घट, पण यात मेलेले आणि गाव गाठलेले दोन्ही आले. कोकणात आणि घाटावर परत गेलेल्यांना मृतांच्या थरात टाकू नका.

छायाचित्रांचा थर स्वतंत्र ठेवा. प्लेगच्या फोटोंत कॅमेरा अधिकाऱ्यांबरोबर आला आहे आणि रुग्ण त्यांच्यासमोर उभे आहेत. फोटो कुठून घेतला असेल ती जागा नकाशावर दाखवा, दिशाही दाखवा. कॅमेरा कोणत्या गल्लीत शिरला आणि कोणत्या गल्लीत नाही, हा बोलका पुरावा आहे.

आणि गोरेपणाही एकसारखा नव्हता. खलाशांसाठी १८७० च्या दशकात बांधलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे आजचे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय, आणि कामाठीपुऱ्यातली युरोपियन वेश्यांची ‘सफेद गल्ली’ नकाशावर आणा. गरीब गोऱ्यांना सरकार नजरेआड कुठे ठेवत होते ते दिसेल, आणि रेषा राखायला सत्तेला स्वतःच्या माणसांवरही पहारा ठेवावा लागला हे कळेल.

टप्पा ७: पायी जा, माणसांना विचारा

मोबाइलवर क्यूफील्ड, म्हणजे क्यूजीआयएसचे मोबाइल रूप, घालून तुमचा नकाशा बरोबर न्या. जुनी कोनशिला, बंद विहीर, गल्लीच्या तोंडाशी राहिलेला जुना पाटीचा तुकडा जागेवरच नोंदवता येतो. कागदात जे नाही ते लोकांच्या तोंडी असते. धोबीतलाव-गिरगाव परिसरातल्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे एकेका गावाची सामायिक बिऱ्हाडे, घ्या. खलाशी आणि नोकरदार गोवेकर आपापल्या गावाच्या कुडीत उतरत. गावावरून आणि कुठे कुठे जातीवरूनही ठरणारे हे बिऱ्हाडांचे जाळे सरकारी नकाशात शोधून सापडत नाही. तिथल्या जुन्या सभासदाशी तासभर बसलात तर सापडते.

मुलाखतीआधी सांगा की नोंद कुठे जाईल, कोण पाहील, आणि नंतर ‘काढून टाका’ म्हटले तर काढाल. हे मराठीत, साध्या शब्दांत, कागदावर लिहून द्या. पुनर्विकासाचे वाद चालू असलेल्या इमारतीत कोण कधीपासून राहतो ही माहिती कोर्टात वापरली जाऊ शकते. अशी नोंद प्रसिद्ध नकाशावर टाकू नका आणि फोटोच्या फाइलीत आपोआप नोंदलेली जागेची खूण काढून टाका.

टप्पा ८: लोकांपुढे ठेवताना

जातीवाचक वस्तीनावे जुन्या कागदांत जागोजाग येतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अभ्यासाच्या तक्त्यात मूळ नाव राहिले पाहिजे, नाहीतर भेदभावाचा पुरावाच पुसला जाईल. पण लोकांसाठीच्या नकाशावर आजच्या घरांवर ते नाव चिकटवणे म्हणजे तीच पाटी पुन्हा लावणे. सार्वजनिक थरात आजचे नाव द्या आणि जुने नाव संदर्भासह मजकुरात घ्या. शक्य असेल तर त्या वस्तीतल्या माणसांना प्रसिद्धीआधी दाखवा.

हक्कांचे थोडक्यात: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आणि सरकारी प्रकाशन छापल्यानंतर ६० वर्षांनी मजकूर मुक्त होतो. पण परदेशी ग्रंथालयाने केलेल्या स्कॅनवर त्यांच्या वेगळ्या अटी असू शकतात, त्या वाचा. ओपनस्ट्रीटमॅप वापरलात तर श्रेय देणे बंधनकारक आहे.

नकाशा मांडायला यूमॅप सोपे आहे, कोड लिहावा लागत नाही. नुसता नकाशा टाकू नका. बाजूला एक पान जोडा: कोणती साधने, कोणते बिंदू, चूक किती मीटर, कोणत्या भागात माहितीच नाही. माहिती नसलेला भाग कोरा ठेवू नका, तिरप्या रेषांनी दाखवा, नाहीतर वाचणाऱ्याला तिथे कोणी राहतच नव्हते असे वाटेल. लेखी मजकूर मराठीत असू द्या, इंग्रजी हवा तर सोबत द्या. ज्यांच्या आज्या-पणज्या त्या चाळींत राहिल्या त्यांना तो वाचता आला पाहिजे.

तक्ता आणि बिंदूंची फाइल झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवली की तिला कायमचा क्रमांक मिळतो आणि दुरुस्तीनंतर नवी आवृत्ती चढवता येते. दुरुस्त्या येतीलच. एखादे आजोबा सांगतील की तुम्ही दाखवलेली विहीर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती सूचना सांगणाऱ्याच्या परवानगीने, ‘तोंडी माहिती’ अशा शेऱ्यासह वेगळी ओळ म्हणून घाला, आधीची ओळ खोडू नका. आणि नकाशाची एक मोठी छापील प्रत त्या विभागातल्या वाचनालयात लावा, शेजारी पेन्सिल ठेवा.